ऑफिसातला संगणक घरून चालवताना: लहान व्यवसायाने रिमोट डेस्कटॉप सॉफ्टवेअर कसे निवडावे

लहान कार्यालयांमध्ये रिमोट डेस्कटॉप सॉफ्टवेअर सहसा कोणी निवडत नाही. ते आपोआप येऊन बसलेले असते. प्रिंटर चालेना म्हणून हार्डवेअरवाल्याला फोन केला, त्याने ‘एनीडेस्कचा नंबर सांगा’ असे म्हटले, कोणीतरी ते उतरवून घेतले, प्रिंटर चालू झाला आणि सॉफ्टवेअर तिथेच राहिले. पुढे मालकांना परगावी असताना टॅलीतला, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला, एखादा आकडा पाहायचा असतो, मग एखादी कर्मचारी बाळंतपणानंतर काही महिने घरून काम करू लागते, आणि बघता बघता दुरुस्तीसाठी आणलेल्या त्या सोयीवर रोजचा कारभार चालू लागतो. दुरुस्तीपुरते दहा मिनिटे दुसऱ्याचा पडदा पाहणे आणि दिवसाचे आठ तास दुसऱ्या गावातून काम करणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांना एकच साधन पुरेल असे गृहीत धरल्यामुळेच पुढच्या बहुतेक अडचणी उद्भवतात, असा माझा अनुभव आहे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण समोर ठेवू. समजा, सांगलीत एका करसल्लागाराचे दहा जणांचे कार्यालय आहे. एका संगणकावर टॅलीचा सारा विदा आहे आणि बाकीचे संगणक त्याला लॅनने, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत जाळ्याने, जोडलेले आहेत. दोन कर्मचारी मिरजेहून आणि इस्लामपूरहून घरून काम करू इच्छितात आणि मालकांचा अर्धा आठवडा पुण्यात जातो. या कार्यालयासाठी काय घ्यावे?

पहिली पायरी: आधी वही, मग सॉफ्टवेअर

कोणत्याही कंपनीची किंमत पाहण्याआधी एका पानावर पाच रकाने आखावेत: कोण जोडले जाणार, कुठून, कोणत्या संगणकावर, किती वेळ, आणि त्या वेळी त्या संगणकासमोर कोणी बसलेले असेल का. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. समोर माणूस बसलेला असेल, तर तो ‘स्वीकारा’ हे बटण दाबून आत घेऊ शकतो. कार्यालय बंद असताना रात्री नऊ वाजता जोडले जायचे असेल, तर कायमचा पासवर्ड ठेवावा लागतो आणि सुरक्षिततेचे सगळे गणित बदलते. सांगलीच्या कार्यालयात हे पान भरले की दिसते की दोन माणसे रोज सात-आठ तास, मालक अधूनमधून अर्धा तास आणि हार्डवेअरवाला महिन्यातून एकदा, अशा तीन प्रकारच्या गरजा आहेत.

दुसरी पायरी: पडदा वाटून घ्यायचा की स्वतंत्र सत्र हवे?

या क्षेत्रातील सॉफ्टवेअरचे मूलतः दोन प्रकार आहेत आणि निवडीचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

पहिल्या प्रकारात ऑफिसातल्या संगणकाच्या पडद्यावर जे दिसते, तेच तुम्हाला घरी दिसते. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप, मुक्तस्रोत असलेले रस्टडेस्क आणि केंब्रिजमधील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात जन्मलेले व्हीएनसी ही सारी याच कुळातील आहेत. यात माउस एकच असतो. ऑफिसात कोणी तो हलवला, तर तुमच्या पडद्यावरही तो हलतो, आणि तुम्ही घरून उघडलेले पगारपत्रक तिकडे चहा घेऊन आलेल्या माणसालाही दिसते. काही उत्पादनांत तिकडचा पडदा काळा करण्याची सोय असते. ती आपण घेत असलेल्या योजनेत आहे का, हे पाहून घ्यावे.

दुसऱ्या प्रकारात तुम्ही त्या संगणकावर स्वतःच्या खात्याने नव्याने ‘बसता’, म्हणजे तुमचे स्वतंत्र सत्र सुरू होते. मायक्रोसॉफ्टचे रिमोट डेस्कटॉप, म्हणजे आरडीपी, हे याचे नेहमीचे उदाहरण. तुम्ही आत आलात की तिकडच्या पडद्यावर कुलूप दिसते आणि समोरून जाणाऱ्याला काही कळत नाही. शिवाय येथे संपूर्ण पडद्याचे चित्र सतत पाठवत राहण्याऐवजी जेवढे बदलते तेवढेच पाठवण्याकडे कल असल्याने आकडे आणि मजकूर यांच्या कामात ते हलके वाटते. मात्र बाहेरून जोडणी स्वीकारण्याची सोय विंडोजच्या होम आवृत्तीत नसते. त्यासाठी प्रो किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. लॅपटॉप स्वस्तात मिळाला म्हणून होम आवृत्ती घेतलेली असते आणि ही गोष्ट नेमकी गरजेच्या दिवशी कळते.

प्रो आवृत्तीत एका वेळी एकच माणूस बसू शकतो, मग तो समोर बसलेला असो वा दूरवरून आलेला. एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी बसवायचे असेल, तर विंडोज सर्व्हर लागतो. त्यात व्यवस्थापनापुरती दोन सत्रे मिळतात, पण रोजच्या कामासाठी माणसांनुसार किंवा यंत्रांनुसार वेगळे परवाने विकत घ्यावे लागतात. ही सोय बसवल्यानंतर १२० दिवसांची सवलत असते आणि ती संपली की जोडण्या नाकारल्या जातात. ‘चार महिने छान चालले आणि एका सकाळी बंद पडले’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. विंडोज प्रोच्या फाइलींत फेरफार करून एकाच वेळी अनेकांना आत घेण्याची एक युक्ती बाजारात सर्रास बसवून दिली जाते. ती परवान्याच्या अटींचा भंग करते, आणि विंडोजचा पुढचा अपडेट आला की मोडतेही. ती कोणी सुचवली, तर तो माणूस आणखी काय काय बसवून गेला आहे, हे तपासायला हरकत नाही.

सांगलीच्या कार्यालयाला सर्व्हरची गरज नाही. मिरजेच्या कर्मचाऱ्याने टॅलीच्या मुख्य संगणकावर न जाता ऑफिसातल्या आपल्या नेहमीच्या संगणकावर आरडीपीने बसावे आणि तिथून लॅनवरची टॅली उघडावी. ऑफिसात बसून तो जे करतो, तेच येथे घडते. प्रत्येकाचे यंत्र वेगळे असल्याने सत्रांचा प्रश्न येत नाही. खर्च येतो तो दोन संगणक प्रो आवृत्तीवर नेण्याचा आणि ते दिवसभर चालू ठेवण्याच्या विजेचा.

तिसरी पायरी: त्या संगणकाला काय काय जोडले आहे?

तुलनेच्या तक्त्यांत ही पायरी बहुधा नसते, पण आपल्याकडच्या कार्यालयांत निवड येथेच अडते.

डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनाचे, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या सहीच्या उपकरणाचे, उदाहरण घ्या. तो ऑफिसातल्या संगणकाला लावून ठेवला आणि तुम्ही घरून आरडीपीने आत आलात, तर सही करताना टोकन सापडत नाही असा संदेश येतो, कारण आरडीपीच्या सत्रात विंडोज टोकनातले स्मार्टकार्ड तुम्ही बसला आहात त्या, म्हणजे घरच्या, संगणकावर शोधते. मी पहिल्यांदा ही अडचण पाहिली, तेव्हा मुदतीची शेवटची संध्याकाळ होती. टोकनाचे ड्रायव्हर सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा बसवून झाले होते आणि ऑफिसातला शिपाई टोकन वेगवेगळ्या खाचांत लावून पाहत होता. टोकन घरच्या संगणकाला लावला असता तर काम झाले असते. पडदा वाटून घेणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जोडले असते, तर ऑफिसातल्या टोकनानेही सही झाली असती, कारण तिथे तुम्ही ऑफिसातल्याच सत्रात असता. अर्थात टोकन कायम लावून ठेवणे आणि पिन वहीत लिहून ठेवणे म्हणजे कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवण्यासारखेच आहे. तेव्हा सही कोण करणार आणि त्या वेळी टोकन कोणाच्या हातात असणार, हे आधी ठरवावे.

टॅलीचा सिल्व्हर परवाना एका वापरकर्त्यासाठी आणि गोल्ड परवाना अनेकांसाठी असतो. आपला परवाना रिमोट सत्रात कसा वागेल, हे विक्रेत्याला ईमेलवर विचारून लेखी उत्तर ठेवावे. हाच प्रश्न ऑटोकॅडपासून दवाखान्याच्या बिलिंगपर्यंत प्रत्येक सशुल्क सॉफ्टवेअरबद्दल विचारावा लागतो.

मराठी टंकलेखन ही आणखी एक जागा. सत्रात घरच्या कळफलकाची मांडणी लागू होते की ऑफिसातल्या, हे सॉफ्टवेअरनुसार आणि त्याच्या सेटिंगनुसार बदलते. इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक वापरणाऱ्याला घरून ‘क’ ऐवजी इंग्रजी अक्षर उमटलेले दिसले, तर दोन्हीकडे मराठी भाषा जोडून पाहावी लागते. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटवर काम चालत असेल, तर चाचणी ऑफिसातल्या माणसाने न करता प्रत्यक्ष टंकलेखन करणाऱ्यानेच करावी. घरच्या प्रिंटरवर छापता येते का, हेही याच वेळी पाहावे.

चौथी पायरी: ऑफिसपर्यंतची वाट

पडदा वाटून घेणारी सशुल्क साधने ही वाट स्वतःच काढतात: दोन्ही बाजू कंपनीच्या सर्व्हरशी बोलतात, शक्य असेल तर थेट जोडल्या जातात, नाही तर सारी वाहतूक त्या सर्व्हरमधून जाते. म्हणून नंबर टाकला की काम होते आणि म्हणूनच ती लोकप्रिय आहेत.

आरडीपीसाठी वाट आपल्याला काढावी लागते. येथे एक चूक इतकी नेहमीची आहे की ती ठसवून सांगायला हवी: राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे आरडीपीचे नेहमीचे दार, उघडून ऑफिसातला संगणक थेट इंटरनेटवर ठेवू नये. जगभरातील यंत्रे रात्रंदिवस हे पोर्ट चाचपत फिरतात, आणि त्यावर पासवर्ड ओळखण्याचे हजारो प्रयत्न होत राहतात. मे २०१९ मध्ये आरडीपीतील ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली. तीत पासवर्डशिवायच आत शिरता येत होते, आणि ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. पोर्टचा क्रमांक बदलून ठेवल्याने फार तर थोडा उशीर होतो. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे असे यंत्र बाहेरून जोडण्याच्या यादीत घेण्याआधी विचार करावा.

यावरचा सरळ उपाय व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी, कूटबद्ध वाट. आधी घरचा संगणक व्हीपीएनने ऑफिसच्या जाळ्यात येतो आणि मग आतल्या आत आरडीपी चालते. वायरगार्ड हे त्यासाठी आजचे हलके आणि चांगले साधन आहे. पण अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर ग्राहकाला स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळत नाही. एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरून आत येण्याला वाटच उरत नाही. अशा वेळी सेवा देणाऱ्याकडून शुल्क भरून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घ्यावा, किंवा टेलस्केलसारखी वायरगार्डवरच उभी असलेली आणि दोन्ही टोकांना आतून बाहेर हात पुढे करायला लावून जोडणारी सेवा वापरावी. लहान कार्यालयाला दुसरा पर्याय सोपा जातो.

पाचवी पायरी: कंपनीला विचारायचे प्रश्न

प्रत्येक कंपनी ‘आमची जोडणी कूटबद्ध आहे’ असे सांगते आणि ते बहुतेक वेळा खरे असते. फरक पडतो तो पुढच्या प्रश्नांच्या उत्तरांत. प्रत्येक माणसाला वेगळे खाते मिळते का, की सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरायचा? पासवर्डखेरीज मोबाइलवरच्या संकेताची दुसरी पायरी सक्तीची करता येते का? कोण, केव्हा, कोणत्या यंत्रावर आले याची नोंद मालकांना काढता येते का? फाइल पाठवणे आणि कॉपी-पेस्ट माणसानुसार बंद करता येते का? आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या उमेदवारीवरच्या, मुलांना घरून नोंदी करू द्यायच्या आहेत, पण अशिलांची विवरणपत्रे त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर जायला नकोत, तर शेवटचा प्रश्न निर्णायक ठरतो. नोंदींचा प्रश्न केवळ सोयीचा नाही: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे सांगितले आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मोठे नाव म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या प्रणालींत शिरकाव झाल्याचे एनीडेस्कने जाहीर केले आणि संकेतस्थळावरील खात्यांचे पासवर्ड रद्द केले. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरने आपल्या अंतर्गत कार्यालयीन जाळ्यात शिरकाव झाल्याचे सांगितले. दोघांनी हे स्वतः जाहीर केले, याला मी महत्त्व देतो. निवड करताना कंपनीच्या संकेतस्थळावर सुरक्षा-सूचनांचे पान आहे का आणि ते चालू आहे का, हे पाहावे. कोरे पान फार आश्वासक नसते. ‘मग आपलाच सर्व्हर ठेवू’ असे म्हणणाऱ्यांनी त्याच फेब्रुवारीतील स्क्रीनकनेक्ट या रिमोट साधनातील त्रुटी आठवावी: ज्यांनी तो सर्व्हर स्वतः ठेवला होता, त्यांना दुरुस्तीही स्वतः आणि तातडीने करावी लागली. रस्टडेस्क स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणे शक्य आणि स्वस्तही आहे, पण सुट्टीच्या दिवशी तो अपडेट करणारा माणूस आपल्याकडे आहे का, हे आधी पाहावे.

यातच कर्मचाऱ्यांना सांगायची एक गोष्ट. वीजबिल थकले आहे, बँकेचे केवायसी संपले आहे असे सांगून मोबाइलवर हीच सॉफ्टवेअर उतरवायला लावणारे भामटे अनेक वर्षे कार्यरत आहेत. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना याबाबत सावध केले होते. आपल्या कार्यालयात कोणते सॉफ्टवेअर वापरले जाते आणि नंबर कोणाला सांगायचा, हे सर्वांना माहीत असेल, तर अनोळखी फोन तिथेच तुटतो. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

सहावी पायरी: पैसे

किंमत कशावर लावली आहे हे पाहावे: माणसांवर, यंत्रांवर की एकाच वेळी चालणाऱ्या सत्रांवर. आठ संगणकांवर हार्डवेअरवाला महिन्यातून एकदा येत असेल, तर एक सत्र पुरते. दोन माणसे रोज आपापल्या एकाच यंत्रावर बसत असतील, तर माणसांनुसार किंमत परवडते. टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क यांची विनामूल्य आवृत्ती केवळ खासगी वापरासाठी आहे. व्यावसायिक वापराचा संशय आला की सत्र मध्येच तोडले जाते, आणि ते २० तारखेला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरताना तुटले, तर तक्रारीला जागा नसते. विनामूल्य सेवेवर धंदा उभारण्याचा दुसरा धोका लॉगमीइन या अशाच सेवेच्या ग्राहकांनी जानेवारी २०१४ मध्ये पाहिला: तिची विनामूल्य सेवा जवळजवळ अचानक बंद झाली. क्रोम रिमोट डेस्कटॉपला पैसे पडत नाहीत, पण ज्या गूगल खात्याने ते बसवले त्याच खात्याकडे यंत्राची किल्ली राहते. ते कर्मचाऱ्याचे खासगी खाते असेल, तर किल्ली त्याच्याबरोबर घरी जाते.

परदेशी कंपनीकडून थेट घेतल्यास जीएसटी नोंदणी असलेल्या व्यवसायाला बहुधा रिव्हर्स चार्जने, म्हणजे विक्रेत्याऐवजी स्वतः, कर भरावा लागतो. भारतातील विक्रेत्याकडून घेतल्यास नेहमीचे बीजक मिळते. वार्षिक वर्गणी १५,००० रुपयांच्या वर असेल, तर कार्डावरून ती आपोआप कापली जाण्याच्या भरवशावर राहू नये, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्यावरच्या रकमेला दर वेळी वेगळी संमती लागते. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये लिहिलेली बरी.

सातवी पायरी: आठवडाभराची चाचणी

सशुल्क उत्पादनांची चाचणी-मुदत बहुधा मिळते. ती मुदतीच्या धामधुमीत न घेता महिन्याच्या मधल्या आठवड्यात घ्यावी. चाचणी ऑफिसच्या वायफायवरून न करता इस्लामपूरच्या घरून आणि एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करावी. टॅलीत वीस व्हाउचर भरावीत, एक्सेलची मोठी फाइल वर-खाली सरकवावी, एक पीडीएफ छापावी आणि मराठीत एक पत्र लिहावे. अक्षर दाबल्यावर उशिरा उमटत असेल, तर इंटरनेटचा वेग वाढवण्याआधी वाहतूक कुठून जाते आहे ते पाहावे. मुंबई ते फ्रँकफर्ट हे सरळ अंतरच सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे तिथल्या सर्व्हरमधून वळसा घ्यावा लागला, तर जाण्यायेण्यातच किमान ६५ मिलिसेकंद जातात. कितीही महाग ब्रॉडबँड घेतला तरी ते कमी होत नाहीत. भारतात किंवा जवळ सर्व्हर असलेली सेवा, नाही तर थेट जोडणी, हाच त्यावर उपाय.

याच आठवड्यात एकदा ऑफिसचा मेन स्विच बंद करून पाहावा. वीज गेली, यूपीएस संपला, वीज परत आली आणि संगणक बंदच राहिला, तर घरचा माणूस दिवसभर रिकामा बसतो. बहुतेक संगणकांच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगांत, वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते, ती लावून ठेवावी. विंडोजमधील झोपी जाण्याची वेळ काढून टाकावी. राउटरलाही छोटा यूपीएस हवा. तो विसरला जातो.

आता सांगलीच्या कार्यालयाचे उत्तर. घरून काम करणाऱ्या दोघांसाठी टेलस्केल किंवा वायरगार्ड आणि त्यातून आपापल्या संगणकावर आरडीपी. मालकांसाठीही तेच, त्यांच्या स्वतःच्या खात्याने. दुरुस्तीसाठी आणि टोकनाच्या कामासाठी पडदा वाटून घेणाऱ्या एखाद्या साधनाचा एका सत्राचा सशुल्क परवाना, तोही कायमच्या पासवर्डाशिवाय, म्हणजे समोरच्या माणसाने स्वीकारल्यावरच आत येता येईल असा. आधीपासून येऊन बसलेली बाकीची सारी साधने प्रत्येक यंत्रावरून काढून टाकावीत.

हे सगळे बसले की कोणाला कोणत्या यंत्रावर प्रवेश आहे याची एक यादी छापून मालकांच्या कपाटात ठेवावी. कर्मचारी नोकरी सोडतो, त्या दिवशी ऑफिसच्या किल्ल्या परत घेताना त्याच यादीवरून त्याचे व्हीपीएनचे खाते, विंडोजचे खाते आणि मोबाइलवरचा संकेत बंद करावा, आणि हार्डवेअरवाला बदलला तर त्याच संध्याकाळी दुरुस्तीच्या साधनाच्या खात्याचा पासवर्डही बदलावा.